नकाशाचे अवजार आणि प्रयोगशाळेचा पासवर्ड

आपत्तीत सापडलेल्या लोकांपर्यंत मदत पोहोचावी म्हणून घरबसल्या, विनामोबदला नकाशे काढणाऱ्या स्वयंसेवकांविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात भूकंप, पूर आणि चक्रीवादळे यांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे जागा मिळालेली आहे; परंतु हे नकाशे नेमक्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढावेत या वादात ज्या संध्याकाळी खर्ची पडल्या, त्यांची दखल कोणत्याही अहवालाने घेतलेली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत हा वाद ज्या निष्ठेने लढवला जातो ती पाहता, त्याला स्वतंत्र प्रकरण देणे न्याय्य ठरेल.

या उद्योगाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप नावाचा प्रकल्प सुरू केला, ज्यात जगाचा नकाशा कोणीही काढावा, कोणीही दुरुस्त करावा आणि कोणीही वापरावा अशी मुभा आहे. ज्या शहरात भिंतीवर ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असे रंगवले की त्या सूचनेवरच पहिली जाहिरात चिकटते, त्या शहराला ही मुभा कितपत मानवेल अशी शंका एखाद्याला येऊ शकते, तरीही नकाशा टिकून आहे आणि वाढतो आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा तेथील राजधानीचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता, आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते व इमारती गिरवून तो काही दिवसांत उभा केला. त्याच वर्षी या कामासाठी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था आकाराला आली, जिला मंडळी लाडाने ‘हॉट’ म्हणतात. पुढे २०१४ साली अमेरिकन व ब्रिटिश रेडक्रॉस आणि सीमाविरहित डॉक्टरांची संघटना यांच्याबरोबर तिने ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम काढला, ज्याचा आशय असा की आपत्ती येऊन गेल्यावर नकाशा काढत बसण्यापेक्षा ती येण्याआधीच काढून ठेवावा. विहीर आणि तहान यांच्या क्रमाविषयी मराठी माणसाला ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नव्हती, पण ती पाळण्याची सवय लावण्याची गरज होती.

मुंबईच्या उपनगरांना या गोष्टीचे महत्त्व पटण्यासाठी हैतीपर्यंत जावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदीने आपण नाला नसून नदी आहोत हे सिद्ध केले, आणि लक्षावधी माणसे कंबरभर पाण्यातून कोणता रस्ता कोठे जातो हे एकमेकांना विचारत चालत घरी गेली. त्या दिवशी ओपनस्ट्रीटमॅप जेमतेम एक वर्षाचे होते आणि ज्या जोसम नावाच्या नकाशा काढण्याच्या सॉफ्टवेअरवरून पुढे उपनगरांत वाद व्हायचा होता, त्याचा जन्म त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी व्हायचा होता. उत्तम नकाशा त्या दिवशी प्रत्येक नाक्यावरच्या माणसाच्या डोक्यात होता, आणि तो पुरवठाही पुरेसा झाला. पुढे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेले, तेव्हा गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणणारा पहिला माणूस एसटीचा चालक होता. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा तेथवर वाहनाचा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. अशा ठिकाणी पायवाट कोठून जाते याची एक रेघ नकाशावर आधीच असणे ही चैन नव्हे, आणि ती रेघ कोणत्या सॉफ्टवेअरने काढली हे चढणाऱ्या माणसाने कधी विचारले असल्याची नोंद नाही.

रेघ काढणाऱ्याला मात्र त्यावाचून दुसरे काही सुचत नाही. या क्षेत्रात ‘संपादक’ म्हणजे दैनिकाच्या कचेरीत बसणारा गृहस्थ नसून नकाशात भर घालण्याचे व दुरुस्ती करण्याचे सॉफ्टवेअर, आणि त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिला आयडी, जो २०१३ पासून ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर वापरात आला व ब्राउझरमध्येच चालतो, म्हणजे संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. दुसरा जोसम, जो इमॅन्युएल शॉल्झ या जर्मन प्रोग्रॅमरने २००५ साली सुरू केला, जावा या प्रणालीवर चालतो, संगणकावर बसवावा लागतो, आणि ज्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक आता पाच आकडी झालेले आहेत. पहिल्याबद्दल दुसऱ्याचे उपासक म्हणतात की तो लहान मुलांसाठी आहे, आणि दुसऱ्याबद्दल पहिल्याचे उपासक म्हणतात की तो माणसांसाठी नाही. दोन्ही विधानांत तथ्य असल्यामुळेच वाद मिटत नाही.

आयडीची ख्याती अशी की तो नवख्याला हात धरून शिकवतो. पहिल्यांदा उघडताच तो स्वयंसेवकाला अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या थ्री रिव्हर्स या छोट्या गावात घेऊन जातो, तेथे एक क्रीडांगण आखायला लावतो, रस्त्याला रस्ता जोडायला लावतो, आणि घरे कशी गिरवावीत याचा सराव करून घेतो. त्या गावात प्रत्येक घराला चार कोपरे आहेत, दोन घरांमध्ये हिरवळ आहे, रस्ते एकमेकांना शक्यतो काटकोनात छेदतात, आणि कोणाचेही छप्पर शेजाऱ्याच्या छपरावर टेकलेले नाही. असा रम्य सराव करून आलेल्या घाटकोपरच्या विद्यार्थ्यासमोर जेव्हा असल्फ्याच्या दाट वस्तीच्या टेकडीचे उपग्रहचित्र उघडते, तेव्हा त्याची अवस्था पोहण्याच्या तलावात शिकून थेट मढच्या समुद्रात उतरवलेल्या माणसाची होते. तेथे क्रीडांगण आखण्याची पाळी येत नाही, कारण क्रिकेट ज्या जागेवर चालते ती जागा त्याच वेळी रस्ता, वाहनतळ, कपडे वाळत घालण्याची सोय आणि सप्टेंबरात मंडप अशी चार कामे करत असते, आणि संपादक त्यांपैकी कोणते मुख्य हे विचारून थांबतो.

जोसम असे काही शिकवत नाही. तो उघडल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही, कारण आपल्याला हवा तो प्रदेश आपणच उतरवून घ्यायचा असतो. मग उपग्रहचित्राचा थर वेगळा, आधीच्या नकाशाचा थर वेगळा, चुका दाखवणारी चौकट वेगळी, आणि त्याखेरीज प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडता येणारी उपांगे, शेकड्याने. त्यांपैकी इमारती काढण्याचे एक उपांग असे आहे की तीन टिचक्यांत काटकोनी घर तयार होते. ज्या वस्तीत एकेका तुकड्यात चारशे घरे आहेत तेथे हे उपांग म्हणजे प्रत्यक्ष वरदान आहे, आणि आयडीत तीच घरे एकेक कोपरा टिपत काढणाऱ्याला ही गोष्ट शेजारी बसून वारंवार सांगणे हा जोसमवाल्यांचा आवडता विरंगुळा आहे. आयडीवाल्याचे उत्तरही ठरलेले असते: उपांग कामाचे आहे हे कबूल, परंतु ते सापडेपर्यंत त्याची निम्मी घरे काढून झालेली असतात.

काम वाटून देण्यासाठी ‘टास्किंग मॅनेजर’ नावाची एक व्यवस्था असते, जी आपत्तीग्रस्त किंवा संभाव्य आपत्तीग्रस्त प्रदेशाचे चौकोन पाडते, प्रत्येक स्वयंसेवकाला एक चौकोन देते, आणि दोघांनी एकाच घरावर दोनदा घर बांधू नये म्हणून तो चौकोन दोन तास त्याच्या नावावर कुलूपबंद ठेवते. दोन तासांनी कुलूप आपोआप उघडते. उपनगरी इमारतींच्या पुनर्विकासात एखाद्या जागेचा ताबा इतक्या सहजपणे सुटत असल्याचे ऐकिवात नसल्यामुळे, ही तरतूद पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलुंडच्या ज्येष्ठ सभासदांना ती फार क्रांतिकारक वाटते. चौकोन पूर्ण झाला की दुसरा, अधिक अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो. या तपासणीला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि मानवी स्वभावाचे जे काही निरीक्षण पुढे येणार आहे ते बहुतांशी याच टप्प्यावर करता येते.

आता निवड कशी होते हे पाहिले पाहिजे. तात्त्विक पातळीवर ती अनेक निकषांवर व्हायला हवी: स्वयंसेवकांचा अनुभव, वस्तीची दाटी, इंटरनेटचा वेग, तपासणीची सोय, आणि कामाची घाई. हे निकष प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहिले जातात व त्यांवर दीर्घ चर्चा होते. प्रत्यक्षात महाविद्यालयांत ही निवड प्रयोगशाळा सहायक करतो. जोसम संगणकावर बसवावा लागतो, तो बसवण्यासाठी प्रशासकीय पासवर्ड लागतो, तो पासवर्ड सहायकाकडे असतो, आणि सहायक साडेपाचला निघतो, कारण त्याला पाच बावन्नची गाडी पकडायची असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांची सेवा भरायची असते. त्यांपैकी काही तास नकाशाकामात मोजले जातील असे एकदा कार्यक्रम अधिकाऱ्याने मान्य केले की विद्यार्थी उत्साहाने जमतात, प्राचार्यांना अर्ज जातो, अर्जावर ‘संगणक विभागाने योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो, आणि योग्य कार्यवाही म्हणजे ब्राउझर उघडणे, जे कोणत्याही पासवर्डशिवाय करता येते. आयडीचा उपनगरांतील विस्तार हा त्याच्या सुलभतेचा विजय आहे असे जे म्हटले जाते, त्यात हा प्रशासकीय घटक विचारात घेतलेला दिसत नाही.

अंधेरी पूर्वेच्या कचेऱ्यांत परिस्थिती वेगळी असली तरी निकाल तोच लागतो. तेथे सामाजिक उत्तरदायित्वाच्या नावाखाली वर्षातून एकदा ‘मॅपॅथॉन’ भरतो, म्हणजे बरीच माणसे एका दालनात बसून ठरावीक वेळ सलग नकाशा काढतात. दोन तासांपैकी पहिली २० मिनिटे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांचे भाषण घेते, पुढची २० नवे खाते उघडून ईमेलवरचा दुवा शोधण्यात जातात (तो नको असलेल्या पत्रांच्या खणात सापडतो), त्यानंतर सामोसे येतात, आणि सामोशाचे बोट माऊसला लागू नये म्हणून काही काळ काम थांबते. कचेरीच्या संगणकावर बाहेरचे काहीही बसवण्यास सुरक्षा विभागाची मनाई असल्याने जोसमचा प्रश्न उद्भवतच नाही. उरलेल्या वेळात हे कर्मचारी आफ्रिकेतल्या एखाद्या दूरच्या जिल्ह्यातली गोल झोपडी न् झोपडी विलक्षण आपुलकीने गिरवतात, आणि त्यांच्या खिडकीखालच्या मरोळच्या गल्लीचे नाव विचारले तर ‘ती मागची’ असे सांगतात. यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. दूरच्या माणसाला मदत करताना पार्किंगचा वाद निघत नाही, ही सोय मोठी आहे.

जोसमचा खरा आधार म्हणजे निवृत्त अभियंते. मुलुंडसारख्या ठिकाणी ते विपुल आढळतात, त्यांच्या संगणकाचा पासवर्ड त्यांच्याच डायरीच्या शेवटच्या पानावर असतो, आणि सकाळचे फिरणे व दुपारचे जेवण यांच्यामधला काळ त्यांना मोकळा असतो. जोसमच्या पडद्यावर एकाच वेळी जितक्या चौकटी उघडता येतात तितक्या त्यांनी उघडलेल्या असतात, रंगसंगती स्वतःची असते, आणि कीबोर्डवरचे कोणते अक्षर दाबल्यावर काय होते याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तपासणीचे काम बहुधा तेच करतात. तरुण स्वयंसेवकाला ते जे अभिप्राय पाठवतात त्यांची सुरुवात ‘आपल्या योगदानाबद्दल आभार’ अशी असते आणि त्यापुढच्या चार ओळींत त्या योगदानातले काय काय काढून टाकावे लागले याचा तपशील असतो.

याच ठिकाणी एक विलक्षण अन्याय घडतो, ज्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नकाशात केलेले बदल जेव्हा जतन होतात तेव्हा त्या एका गठ्ठ्याला चेंजसेट म्हणतात, आणि टास्किंग मॅनेजरने बराच काळ स्वयंसेवकाची इयत्ता या गठ्ठ्यांच्या संख्येवर ठरवली: अडीचशेच्या आत नवखा, त्यापुढे मध्यम, पाचशेपुढे प्रगत. आयडीवर काम करणारा विद्यार्थी लाइट जाईल या भीतीने दर तिसऱ्या घरानंतर जतन करतो, त्यामुळे एका सत्रात त्याच्या नावावर डझनावारी गठ्ठे जमतात. जोसमवरचा निवृत्त अभियंता सातशे घरे, दोन नाले आणि एक स्मशानभूमी बिनचूक काढून, चुका दाखवणारी यादी शून्यावर आणून, सगळे एकाच गठ्ठ्यात पाठवतो. परिणामी ज्याने आयुष्यभर पूल बांधले तो नवखा ठरतो, आणि ज्याने पहिल्या दिवशी रेल्वेरूळांना वहिवाटीची पायवाट म्हणून नोंदवले होते तो प्रगत ठरतो. (पायवाटेची नोंद अगदीच चुकीची होती असे म्हणता येत नाही, परंतु ती कायद्याला धरून नव्हती.)

संपादकांच्या गुणदोषांची खरी परीक्षा उपनगरी वास्तवाशी गाठ पडल्यावर होते, आणि त्यात दोन्ही पक्षांची समान फजिती आहे. दोहोंत क्यू हे अक्षर दाबले की निवडलेली इमारत काटकोनात येते. हे बटण ज्या क्षणी घाटकोपरच्या टेकडीवर वापरले जाते, त्या क्षणी तिरक्या पायऱ्यांवर, दरडीच्या कडेला, नळाच्या जोडणीप्रमाणे वळत गेलेली घरे एका दमात शिस्तीत उभी राहतात, जे काम आजवर कोणत्याही सरकारी योजनेला जमलेले नाही. नकाशा सुंदर दिसतो, फक्त गल्ली नाहीशी होते, कारण ती गल्ली म्हणजे घरांच्या त्याच वाकडेपणातून उरलेली जागा असते. मग गल्ली इमारतीच्या आरपार जाते असा इशारा पडद्यावर येतो, आणि प्रामाणिक स्वयंसेवक ती बाजूला सरकवतो, वास्तविक ती खरोखरच इमारतीच्या आरपार जाते, वरचा मजला दोन्ही बाजूंनी पुढे येऊन मध्ये टेकलेला असल्याने. या प्रकारासाठी योग्य टॅग, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारी शब्दांची जोडी, उपलब्ध आहे. रस्त्यावर आच्छादन आहे असे त्यात नोंदवता येते. ते आच्छादन अधिकृत आहे की अनधिकृत हे विचारण्याचा आगाऊपणा सुदैवाने कोणताही संपादक करत नाही.

उपग्रहचित्रांचे प्रश्न याहून वेगळे आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे खालचे दिसत नाही, त्यामुळे गिरवण्यासाठी मिळणारी चित्रे कोरड्या ऋतूतली असतात, आणि आपत्ती मात्र नेमकी पावसाळ्यात येते. पाऊस तोंडावर आला असतानाचे चित्र मिळालेच, तर तोवर लोकांनी छपरांवर निळी ताडपत्री ओढलेली असते, जी चार-पाच घरांत सामाईकपणे घेतलेली असते. वरून पाहणाऱ्याला तेथे एक प्रशस्त निळी हवेली दिसते. असल्फ्याच्या रंगवलेल्या भिंतींचे जे कौतुक मेट्रोतून जाणाऱ्यांना वाटते, त्याचा उपग्रहाला काहीच उपयोग नाही, कारण तो भिंती पाहत नाही. उलट बोरिवलीत आणि मुलुंडमध्ये जे मनोरे उभे राहिले आहेत, ते कॅमेरा तिरका असल्यामुळे चित्रात कलंडलेले दिसतात, आणि नियम असा आहे की गच्ची गिरवून मग ती आकृती ओढत इमारतीच्या पायापाशी आणावी. हे न केल्यामुळे काही मनोऱ्यांच्या गच्च्या शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत जाऊन बसतात, आणि त्यावरून प्रत्यक्षात नोटिसा अजून निघालेल्या नाहीत हे नकाशा फारसा कोणी पाहत नसल्याचे लक्षण आहे.

बोरिवलीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, त्याची हद्द नकाशात एका लांबलचक रेषेने दाखवलेली असते, आणि ती रेषा वस्त्यांना व पाड्यांना इतकी लगटून जाते की घर काढता काढता माऊस जरा घसरला तर हद्दीचा एखादा बिंदू, ज्याला नोड म्हणतात, घराबरोबर आत सरकतो. अशा रीतीने एका दुपारी उद्यानाचा लचका तोडता येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडहून कोणीतरी तो परत जोडतो. दोन्ही कृती कागदपत्रांविना होतात. बिबट्यांना यातले काहीच कळवले जात नाही, पण ते तसेही हद्दीच्या बाबतीत स्वतंत्र मताचे आहेत.

हा सारा शीण वाचवण्यासाठी आता मेटा म्हणवणाऱ्या फेसबुक कंपनीने २०१९ साली रॅपिड नावाचा संपादक पुढे आणला, ज्यात यंत्रानेच उपग्रहचित्रांवरून ओळखलेले रस्ते व इमारती गुलाबी-जांभळ्या रंगात सुचवल्या जातात आणि माणसाने फक्त मान डोलवायची किंवा हलवायची असते. विरळ वस्तीत यंत्र चांगले काम करते. दाट झोपडवस्तीत मात्र त्यालाही निळी हवेलीच दिसते, आणि माणसाची मान डोलण्याच्या दिशेने अधिक सवयीची असल्यामुळे हवेली नकाशात जाते. निवृत्त अभियंत्यांनी रॅपिडचे स्वागत थंडपणे केले. तपासायला माणसाच्या चुका असल्या की अभिप्राय तरी लिहिता येतो, यंत्राचे आभार मानून सुरुवात कशी करावी हे त्यांना अद्याप ठरवता आलेले नाही.

मोबाइलवरच्या साधनांनी वादाला तिसरी बाजू दिली. अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावाचा एक अँड्रॉइड संपादक जोसमची बहुतेक सगळी गुंतागुंत तळहातावर आणतो, आणि २०१७ साली आलेला स्ट्रीटकम्प्लीट त्याच्या अगदी उलट, चालता चालता एकेक सोपा प्रश्न विचारतो व मिळालेले उत्तर परस्पर नकाशात नोंदवतो. रस्त्याचा पृष्ठभाग कसला आहे, असा त्याचा एक प्रश्न असतो. अंधेरीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खडी आणि माती ही सगळी उत्तरे दहा पावलांत बरोबर दिसतात, आणि एकच निवडायचे असल्याने तो संध्याकाळपर्यंत वाट पाहतो. बसथांब्यावर बाक आहे काय, हा दुसरा प्रश्न. बाक आहे, पण त्यावर कोणी झोपलेले आहे, आणि त्यासाठी रकाना नाही. या साधनांची खरी अडचण तांत्रिक नसून सामाजिक आहे: उपनगरात हातात फोन धरून इमारतीकडे टक लावून मजले मोजणारा अनोळखी तरुण म्हणजे एक तर पुनर्विकासवाला असतो नाही तर वसुलीवाला, अशी रहिवाशांची ठाम समजूत आहे, आणि सुरक्षारक्षक त्याला वहीत नाव लिहायला लावतो. त्या वहीत मात्र प्रत्येक विंगचे, मजल्याचे व सदनिकेचे जे तपशील असतात ते कोणत्याही संपादकातल्या माहितीपेक्षा पूर्ण असतात.

वस्तीतल्या नावांचा प्रश्न तर संगणकावर सुटणारच नाही असा आहे. गुगलच्या नकाशातून नाव उचलून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घालण्यास परवान्याच्या अटींमुळे मनाई आहे, म्हणून ते जागेवर जाऊन विचारावे लागते. आणि विचारल्यावर एकाच गल्लीला महापालिकेच्या पाटीवरचे एक, मंडळाच्या कमानीवरचे दुसरे, आणि रिक्षावाल्याच्या तोंडचे तिसरे अशी तीन नावे मिळतात. संपादकात मुख्य नाव, पर्यायी नाव आणि जुने नाव असे तीन रकाने असणे हा उपनगरांवरचा मोठा उपकार आहे, पण कोणते नाव कोणत्या रकान्यात हा निर्णय मंडळाच्या अध्यक्षांसमोर उभे राहून घ्यायचा असतो. याच कामासाठी ‘फील्ड पेपर्स’ नावाची एक पद्धत आहे, जिच्यात नकाशा कागदावर छापून घ्यायचा, वस्तीत हिंडून त्यावर पेनाने नोंदी करायच्या, आणि मग कागदाचे छायाचित्र संगणकात चढवून त्यावरून गिरवायचे. ही पद्धत तंत्रज्ञांना मागासलेली वाटते व वस्तीतल्या लोकांना फार आवडते, कारण कागद पसरला की चहाच्या टपरीवर माणसे आपोआप गोळा होतात, ‘हे आमचं, हे काकांचं, इथं आधी विहीर होती’ असे सांगत स्वतःच पेन हातात घेतात, आणि तासाभरात जी माहिती मिळते ती वातानुकूलित दालनातल्या मॅपॅथॉनला वर्षभरात मिळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र कागदाचे जे होते ते होते.

एवढे सगळे असले तरी वाद आयडी आणि जोसम यांच्यातच चालू राहतो, आणि त्याचे सर्वांत कठीण उदाहरण अंधेरीनेच पुरवले. कोणतीही दोन रस्त्यांची टोके अगदी जवळ येऊन जोडलेली नसली, तर चांगला संपादक इशारा देतो; हा काढणाऱ्याचा निष्काळजीपणा असावा असे तो धरून चालतो, कारण प्रत्यक्ष जगात रस्ते असे अधांतरी संपत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, आणि तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जोडायचा तर दोघांच्या उंचीत दीड मीटरच्या घरातला फरक आहे हे जगजाहीर झाले. आता अशा वेळी नकाशाकाराने काय करावे? आयडी सांगतो, रस्ते जोडलेले नाहीत, जोडून टाका. जोसमची यादी सांगते, टोक रस्त्याच्या जवळ आहे पण लागलेले नाही. विद्यार्थी जोडतो, मुलुंडचा अभियंता जागेवर जाऊन पाहतो व सकाळी तोडतो, आणि दोघेही आपापल्या संपादकाला साक्षीला काढतात. पुढे बर्फीवाला पूल उचलून घेण्यात आला व ४ जुलै २०२४ रोजी जोडावरून वाहतूक सुरू झाली. तेव्हा नोड जोडायला कोणाचीच हरकत उरली नाही, आणि तो कोणी व कशात जोडावा हे ठरवण्यासाठी बैठक घ्यायची तर ती वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या मार्गावरच, म्हणजे पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मंडळींना सारखीच गैरसोयीची, एवढ्यावर मात्र दोन्ही पक्षांचे लगेच एकमत झाले.